काळ्या चित्रावरचं कुंकू

“आणि हा ठिपका,” नगमा म्हणाली, “हा नसता तर हे सगळं चित्र खाली बसलं असतं.”

खुशालराव माणसांच्या मागे खांबाला टेकून उभे होते. क्षणभर त्यांना वाटलं, नगमा दुसऱ्याच कोणाच्या चित्राविषयी बोलते आहे. त्यांच्या बायकोच्या, जमुनाच्या चित्रात ठिपका नव्हता. मग पुढचा उंच माणूस जरा बाजूला सरकला आणि त्यांना ते दिसलं. कमरेपासून डोक्याच्याही वर जाईल एवढं ते उभं काळं चित्र. काळं म्हणजे एक काळं नाही; कुठे चुलीच्या भिंतीसारखं, कुठे तव्याच्या पाठीसारखं, कुठे विहिरीत वाकून पाहावं आणि तळ लागू नये तसं. खाली डाव्या अंगाला मळक्या पांढऱ्याचा एक आडवा फटकारा. आणि वर, मधोमध, बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका. घरी भिंतीवर तो मिणमिणता दिसायचा. इथे अकोल्याच्या या शाळेच्या सभागृहात त्याच्यावर दिवा सोडलेला होता आणि तो चमकत होता. “मॅडम आम्हाला सांगायच्या, लाल लावायला अक्कल लागत नाही, लाल सांभाळायला लागते,” नगमा सांगत होती. “त्यांनी जन्मभर लाल दूर ठेवला. आणि शेवटच्या चित्रात, एवढ्या दुखण्यात, एकच ठिपका ठेवला. एवढ्या अंधाराला पुरला पाहा.” कोणीतरी “वा” म्हणालं. दोघातिघांनी मोबाईल वर धरले. खुशालरावांनी आपल्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुठीत दाबून धरलं, जसं काही ते कोणाला दिसेल. तो ठिपका जमुनाने लावलेला नव्हता. तो रंगही नव्हता. ते कुंकू होतं, अंबादेवीच्या देवळाबाहेर मिळतं ते, आणि जमुना गेल्यानंतर रोज आंघोळ करून, बोट पाण्यात बुडवून, ते त्यांनी लावलेलं होतं.

ते मागच्या मागे सरकत भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. जानेवारीचा महिना होता, पंखे बंद होते, तरी त्यांच्या पाठीला घाम सुटला. नगमा जमुनाची अमरावतीची विद्यार्थिनी. आता अकोल्यात स्वतः ड्रॉइंगची मास्तरीण झाली होती. वऱ्हाडातल्या ज्या ड्रॉइंग मास्तरांनी आयुष्यभर पोरांना पेला आणि केळी काढायला शिकवलं आणि घरी मागच्या खोलीत स्वतःचं काहीतरी वेगळंच काढून ठेवलं, कोणाला दाखवलं नाही, अशांची चित्रं तिने गोळा केली होती. जमुनाची चित्रं न्यायला तिने टेम्पो पाठवला होता. ती स्वतः आली असती तर भिंतीवरचा हार तिने पाहिला असता, उदबत्तीची राख पाहिली असती, आणि तिला कळलं असतं. पण टेम्पोवाला घाईत होता. खुशालरावांनी हार काढला, कोरड्या फडक्याने कुंकवाची भुकटी झटकली, चित्र चादरीत गुंडाळलं आणि दिलं. भुकटी झडली पण खालचा डाग राहिला, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, पोरगी शिकलेली आहे, तिला समजेलच की हे कुंकू. घरच्या माणसाला कुंकू म्हणजे कुंकूच दिसतं. ते रंगासारखं दिसू शकतं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

भिंतीवर फोटो न लावता चित्र का लावलं, हे त्यांना कोणाला सांगता आलेलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा धंदा फोटोचा. गांधी चौकाकडून आत वळणाऱ्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो आणि मेलेल्या माणसांचे मोठे फोटो. या तिसऱ्या कामात त्यांचा हात नावाजलेला होता. दर्यापुराहून, तिकडे धारणीहूनही लोक यायचे, लग्नाच्या गर्दीतलं नखाएवढं तोंड दाखवायचे आणि म्हणायचे, “एवढाच हाय भाऊ बुढ्याचा फोटो. यातूनच काढा.” खुशालराव ते तोंड मोठं करायचे. मिटलेले डोळे ब्रशने उघडायचे, सदऱ्यावर कोट चढवायचे, मागे निळं आभाळ घालायचे. ज्यांनी जन्मात कोट घातला नाही ते सगळे वऱ्हाडभर भिंतींवर कोट घालून बसले होते. घरचे लोक फोटो छातीशी धरून रडायचे, “अस्साच होता हो.” तो असा नव्हता हे फक्त खुशालरावांना ठाऊक असायचं. जमुना गेली तेव्हा घरात तिच्या फोटोंना तोटा नव्हता. त्यातला बरा पाहून त्यांनी मोठा केला, फ्रेम करून आणला, बैठकीच्या खोलीत खिळ्याला लावला, हार घातला आणि पाहिलं. ते त्यांचंच काम होतं. हनुवटी किंचित वर, ओठ मिटलेले, नजर सरळ. त्यांनी म्हटलं होतं, “जरा वर पाह्य,” आणि तिने पाहिलं होतं. हे तोंड त्यांनी हजारो बायकांचं काढलं होतं. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती, मशीनकडे पाहत होती. दोन दिवस त्यांनी तो सहन केला. तिसऱ्या दिवशी उतरवला आणि मागच्या खोलीत तिच्या चित्र काढायच्या घोडीवर उभं असलेलं काळं चित्र आणून त्याच खिळ्याला लावलं. हार तोच चढवला. इथे निदान तिचा हात तरी फिरला होता.

मैनाबाई, त्यांची थोरली बहीण, दर्यापूरला असते. ती वर्षश्राद्धाच्या आधी कधीतरी राहायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. “काय रे बाप्पा हे? काळ्या फळीले हार घालून राह्यला?” 

“फळी नाई थे. चित्र हाय तिचं.” 

“तिचं? मंग तिचं तोंड कुठी हाय त्यात?” 

“तोंडाचं चित्र नाई.” 

“कशाचं हाय मंग?” 

खुशालराव हार सारखा करत राहिले. या प्रश्नाला उत्तर असतं तर ते त्यांनी जमुनाकडूनच घेतलं असतं. मैनाबाईने पदर खोचला, घर झाडून काढलं, देवाजवळ दिवा लावला आणि पुन्हा येऊन चित्रापुढे उभी राहिली. “लोक म्हनतीन, खुशालचं डोस्कं फिरलं. म्हनू दे. पन येक कर. कुकू तं लाव. अहेव गेली लेक, मळवट भरून गेली. तिले अशी बिनकुकवाची ठेवशीन काय?” ते त्यांना पटलं. तिला नेताना शेवटचं काम त्यांनी तेच केलं होतं, तिच्या कपाळभर कुंकू. कपाळ गार होतं आणि कुंकू नाकावर सांडलं होतं. त्यांनी देवघरातला करंडा आणला, बोट ओलं केलं आणि चित्रात कपाळ कुठे असेल ते शोधलं. काळ्यामध्ये कपाळ शोधायला त्यांना वेळ लागला नाही. वर मधोमध एक जागा होती, जिथे काळा जरा पातळ होता, जिथे ब्रश थांबल्यासारखा वाटायचा. बोट आपोआप तिथेच गेलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना चित्रात ती दिसली. त्यानंतर रोज दिसत गेली. ठिपक्याच्या खाली डोळे आले, गाल आले, खालचा पांढरा फटकारा म्हणजे पातळाचा काठ झाला. सकाळी ते चहा घेऊन तिच्यासमोर बसायचे. सांगायचे, “संत्रे आले बाजारात. यंदा आंबट निंगाले.” चित्र ऐकायचं.

आणि जमुनाने जन्मभर नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा ती शाळा सुटल्यावर स्टुडिओत यायची, काउंटरमागच्या स्टुलावर बसून पोरांच्या ड्रॉइंगच्या वह्या तपासायची. एका संध्याकाळी ते एका म्हाताऱ्याचे डोळे उघडत बसले होते आणि ती वहीतून मान न काढता म्हणाली, “तुमच्या या क्यामेऱ्याच्या डब्ब्यानं आमचं काम खाल्लं, माहीत हाय काय तुमाले?” खुशालरावांना गंमत वाटली. त्यांनी ब्रश ठेवला. मग ती सांगत गेली, शाळेत सांगायची तसं नाही, घरातल्या भाषेत. आधी चित्रकाराला राजे-महाराजे बोलवायचे, म्हणायचे, माझं तोंड काढ, माझी बायको काढ, माझा घोडा काढ. हुबेहूब काढेल तो मोठा. मग हा डब्बा आला. डब्ब्याने एका क्षणात ते काम केलं. चित्रकार बसला रिकामा. “मंग?” खुशालरावांनी विचारलं. “मंग काय. बसून बसून त्याले सुचलं, का या डब्ब्याले जे येत नाई थे मी करावं. कोनी म्हने, मी झाड नाई काढत, झाडावरचं ऊन काढतो. कोनी म्हने, डब्बा येका बाजूनं पायते, मी गडवा, पान्याचा तांब्या, चारी बाजूनं येकदम दाखोतो, मोडला तरी चालन. आन् मंग येक जन म्हने, गडवाच काहून पायजे? रंग हाय, रेघ हाय, जागा हाय. येवढं काय कमी हाय?” 

“गडवा काढून टाकला?” 

“हाव.” 

“मंग चित्र कशाचं राह्यलं थे?” 

“चित्राचं,” जमुना म्हणाली आणि हसली. “तुमच्यामुळंच झालं पाहा हे सगळं. तुमी आमाले बेकार केलं म्हनून आमी मोकळे झालो.” 

ते त्यांना फार आवडलं होतं. आपल्या या गल्लीतल्या डब्ब्याने जगात एवढं काही घडवलं याचा त्यांना अभिमान वाटला होता आणि पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना त्यांनी तो किस्सा ऐकवला. पण किस्सा ऐकवणं वेगळं. ती मागच्या खोलीत बसून काढायला लागली की ते दारात उभे राहायचे आणि तोंडातून तेच निघायचं, “हे काय होय?” कधी म्हणायचे, “नदी होय काय?” कधी, “शेत होय ना, पाऊस पडल्यावरचं?” सुरुवातीला ती हसायची. मग चिडायची. “तुमाले लुगड्याचा रंग आवडते तवा इचारता काय, हे कशाचं लुगडं होय? बेसनाची वडी खाता तवा इचारता, ही कशासारखी लागते? मंग चित्रालेच काहून नाव पायजे?” आणि शेवटी शेवटी ती नुसती ब्रश थांबवून बसायची, ते दारातून जाईपर्यंत. मूलबाळ त्यांना झालं नाही. मग घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या दारात उभं राहून आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. तिला काय दुःख होतं, होतं की नव्हतं, त्यांच्याबरोबर बरं गेलं की वाईट, हे त्यांना तिच्या तोंडून कधी कळलं नाही. बायका बोलून दाखवतात, भांडतात, माहेरी जातात. जमुना मागच्या खोलीत जायची. म्हणून त्यांना वाटायचं, जे काही आहे ते त्या चित्रांत असणार. म्हणून ते विचारायचे. त्यांना नदी की शेत हे जाणून घ्यायचंच नव्हतं. 

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि त्यांचाही डब्बा बेकार झाला. स्टुडिओ बंद केला त्या संध्याकाळी जमुनाने त्यांच्या ताटात गरम भाकर टाकली, वर ठेचा ठेवला आणि म्हणाली, “आता तुमची पाळी. मोबाईलले जे येत नाई असं काय येते तुमाले?” तिने ते प्रेमाने विचारलं होतं, थट्टेनेही. ते रात्रभर विचार करत राहिले. त्यांना काही सुचलं नाही. चित्रकार बेकार झाला आणि मोकळा झाला. खुशालराव बेकार झाले आणि दिवाणावर बसून पेपर वाचायला लागले.

सभागृहात आता माणसं पांगत होती. कोणीतरी येऊन त्यांच्या पाया पडलं, “मॅडमचे मिस्टर ना तुम्ही?” म्हणालं. ते हात जोडून उठले आणि बसले. त्यांना उगाचच तेराव्याच्या आधीची एक सकाळ आठवत होती. जमुना जिथे गेली त्या जागेवर मैनाबाईने आदल्या दिवशी पीठ पसरलं होतं आणि वर टोपलं उपडं घातलं होतं. सकाळी टोपलं उचलून पिठात काय उमटलं ते पाहायचं, म्हणजे जीव कोणत्या जन्माला गेला ते समजतं. सगळ्या बायका वाकून गोळा झाल्या. मैनाबाई म्हणाली, “पाखराचा पाय होय. उडाली लेक.” दुसरी म्हणाली, “पाखराचा नाई माय, गाईचा खूर होय हा. बरोबर हाय, गायच होती थे.” दोघींचं जुंपलं. “तुले दिसते तरी काय वं?” “तुयापेक्षा जास्त दिसते!” मग त्यांनी खुशालरावांना पुढे ओढलं, “तू सांग, तुही बायको.” खुशालराव गुडघ्यावर बसले. पिठात बारीक रेघा होत्या, एक खळगी होती, एका कडेला पीठ जरा दाटून आलं होतं. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं आणि रेघांच्या सावल्या पडल्या होत्या. ते कशाचाच पाय नव्हतं. ते सुंदर होतं. एवढंच त्यांना वाटलं, आणि ते त्यांना इतकं नवीन होतं की मागच्या खोलीकडे वळून तिला हाक मारून सांगावं म्हणून त्यांनी मान वळवली. मग म्हणाले, “पाखरू होय.” बायकांचं समाधान झालं. तेवढा एक क्षण त्यांना तिचं म्हणणं कळलं होतं. तो टिकला नाही. काही महिन्यांतच ते काळ्या चित्रात गाल आणि डोळे पाहायला लागले.

नगमा चहाचे दोन कागदी पेले घेऊन आली आणि शेजारच्या खुर्चीवर टेकली. तिचा चेहरा फुलला होता. “काका, एक खुशखबर हाय. मॅडमचं हे चित्र आमची शाळा ठेवून घेते म्हणाली. कायमचं. खालच्या हॉलमध्ये लावणार. आणि पुस्तिका छापून राहिलो आपण, तिच्या कव्हरवर हेच.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही काही बोलून नाही राहिले. आवडलं नाही का?” 

“आवडलं ना.” 

“मी वरून व्हार्निशचा एक हलका हात मारला. तो लाल जरा भुकटीसारखा सुटून राहिला होता. मला वाटलं, दुखण्यात मॅडमनी तेल कमी घातलं असेल. आता निघत नाही, पक्का झाला.” 

पक्का झाला. खुशालरावांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांना काही सांगायची गरज नव्हती. जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं. मैनाबाई कधी अकोल्याच्या शाळेत येणार नव्हती, आली तरी तिला कव्हर कळणार नव्हतं. आणि मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, तिची त्यांना लाज वाटत होती आणि तिच्यावर त्यांचा जीवही होता. त्या काळ्यावर तिचा हात होता आणि लालावर त्यांचं बोट. दोघांनी मिळून केलेलं दुसरं काहीही जगात नव्हतं. पोर नव्हतं, घर भाड्याचं, स्टुडिओच्या जागी कुल्फीचं दुकान. हे एकच होतं, आणि ते आता शाळेच्या हॉलमध्ये दोघांच्याही मागे राहणार होतं, पोरं त्याच्याखालून जाणार होती, आणि कोणीतरी म्हणणार होतं, हा ठिपका नसता तर. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी चांगलं झालं होतं, नगमासारखी समजदार पोरगी म्हणत होती. गप्प राहिलं की झालं. गप्प राहायची तर त्यांना सवयच होती.

पण ती जागा त्यांना माहीत होती. शेवटच्या महिन्यांत जमुनाला उभं राहवत नव्हतं. ती स्टुलावर बसून काम करायची आणि मधेच पोट धरून वाकायची. एक दिवस तिने स्वतःच हाक मारली. कधी मारायची नाही. ते दारात थांबले तर म्हणाली, “आत या ना.” ते आत गेले. चित्र जवळजवळ पुरं होतं. तिने ब्रशच्या मागच्या टोकाने ती वरची मधली जागा दाखवली. “इथं पाहा. इथं मी काईच नाई ठेवलं. सगळी चित्रं काढताना इथं काई ना काई ठेवत होती, डोया जाऊन बसाले जागा पायजे म्हनून. या खेपेला म्हनलं, नाई. राहू द्या उभाच डोयाले.” ती दमली. मग म्हणाली, “किती जड झालं पाहा थे काईच नाई.” ते पाहत राहिले. तोंडावर आलेला प्रश्न त्यांनी गिळला, आणि तिने ते ओळखलं, कारण ती त्यांच्याकडे बघून हसली. म्हणाली, “शिकले तुमी.” मरणाच्या दारात बसलेल्या बायकोने आपल्याला पास केलं म्हणून ते त्या दिवशी आनंदाने स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. आणि तीच जागा त्यांनी कपाळ म्हणून धरली. जी एक गोष्ट तिने त्यांना बोलावून दाखवली, तीच बुजवली.

“नगमा,” ते म्हणाले, “तो ठिपका तिनं नाई लावला.”

“मग?”

“मी लावला. कुकू होय थे. रोज लावत होतो.”

नगमा हसली. मग हसायची थांबली. “काका, मजाक नका करू.” त्यांनी बोट पुढे केलं. नखाच्या कडेला रोजच्या कुंकवाची लाली अजून बसलेली होती. तिने ते बोट पाहिलं, मग चित्राकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की खुशालरावांना वाटलं, का बोललो. “मी सकाळपासून सगळ्यांना सांगून राहिली,” ती म्हणाली. “मॅडमनी जन्मभर लाल सांभाळला म्हणून. या अल्ला. लोक काय म्हणतील, नगमाला कुंकू आणि रंग कळत नाही.” ती उठली, चित्रापर्यंत गेली, परत आली. खाली बसली. मग हळूच म्हणाली, “पण काका, खरं सांगू? चित्र चांगलं झालं हाय. मी खोटं नव्हती बोलत. मॅडमच म्हणायच्या, रंग कोणी लावला, कशानं लावला, चित्राला घेणं नाही. चित्र पेललं की झालं. हे पेलून राहिलं.” 

“असन.” 

“राहू देऊ मग. खाली दोघांची नावं लिहू. जमुना आणि खुशालराव. खरं तेच लिहू, कुंकू म्हणून. उलट लोकांना जास्त आवडेल.” 

तिने ते इतक्या सरळपणे म्हटलं की त्यांना समोर नावं दिसली, एकाखाली एक, छापलेली. लग्नपत्रिकेनंतर ती दोन नावं कुठेच एकत्र छापलेली नव्हती. ते हो म्हणणार होते. हो म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. “चांगलं हाय, बेटा,” ते म्हणाले, “पन तिचं नाई. तिनं थे जागा रिकामी ठेवली होती. मले बलावून दाखवली होती. मी तिथं तिचं तोंड करून ठेवलं. तिले तोंड नको होतं. काढून टाक.”

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा नगमाने सभागृहाचं दार ओढून घेतलं. तिने टर्पेंटाइनची बाटली आणली, कापूस आणला, चित्र भिंतीवरून उतरवून टेबलाला टेकवून उभं केलं. कापूस ओला केला. हात ठिपक्यापर्यंत नेला आणि थांबली. “मेरे से नहीं होगा, काका,” ती म्हणाली. “आमच्यात लावत नाही, पण मला माहीत हाय ते काय असते. मॅडमच्या कपाळावर रोज पाहिलेलं हाय. मी नाही पुसणार.” तिने कापूस त्यांच्या हातात दिला. खुशालरावांना स्टुडिओतलं एक काम आठवलं, ज्याविषयी ते कधी कोणाशी बोलत नसत. नवरा गेलेली बाई मेली की तिचा जुना फोटो मोठा करायला यायचा, सवाष्ण असतानाचा, आणि मुलगा हळू आवाजात म्हणायचा, “तेवढं कुकू काढून घ्या भाऊ. बरं नाई दिसत.” ते बारीक ब्रशने कपाळावरचं कुंकू काढून टाकायचे. इथे नवरा जिवंत होता. जिवंत नवऱ्याने आपल्या हाताने बायकोचं कुंकू पुसावं, हे कोणत्या शास्त्रात होतं? मैनाबाईने पाहिलं असतं तर ती जागेवरच कोसळली असती.

त्यांनी कापूस टेकवला. आधी काही झालं नाही. मग व्हार्निश सुटलं आणि लाल खाली ओघळला, आणि क्षणभर ते नाकावर सांडल्यासारखं दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं, परत वळवलं. पुसलं. कापूस लाल झाला, तो टाकला, दुसरा घेतला. डोळे गेले. गाल गेले. पातळाचा काठ पांढरा फटकारा झाला. इतके महिने ज्याच्याशी बोलत होते ते सगळं त्यांच्या हाताखाली एकेक करून नाहीसं होत गेलं आणि काळं परत आलं, नुसतं काळं, कशाचंच नाही. कुंकवाचा शेवटचा अंश ब्रशच्या खाचेत अडकला होता, त्यासाठी त्यांनी जरा जोर दिला. या खेपेला कापूस काळा निघाला.

“काका, हळू,” नगमा म्हणाली. मग ती वाकली. काळ्याखालून काहीतरी फिकट वर आलं होतं. नखाएवढं. अंगाच्या रंगाचं म्हणावं असं, किंवा सुकलेल्या गवताचं. “खाली दुसरं चित्र हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मॅडमनी जुन्यावरच काढलं वाटते. इथं काहीतरी होतं, काका. आधी होतं, मग त्यांनी झाकलं.” ती त्यांच्याकडे पाहत होती. “रंग अजून ओला हाय आतून. थोडं पुसलं तर समजेल काय होतं ते.”

खुशालरावांचा हात तिथेच होता. कापूस भिजलेला होता. दोनदा फिरवला असता तर पुरलं असतं. तोंड असेल. तिचं असेल, कदाचित त्यांचं असेल, दारात उभं असलेलं. कदाचित नुसतं गवत असेल. त्यांना जे काही विचारायचं होतं, बरं गेलं की वाईट, ते सगळं बोटभर काळ्याच्या पलीकडे होतं, आणि सांगायला नाही म्हणणारं आता कोणी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात माणसं जेवून परत येत होती, कोणाचं तरी पोर धावत होतं. त्या फिकट डागाच्या कडेला तिच्या ब्रशचा एक केस काळ्यात अडकून राहिलेला त्यांना दिसला. तिने तिथे किती वेळा हात फिरवला असेल, ते त्या जाडीवरून समजत होतं. वाकून वाकून, पोट धरून, पुन्हा पुन्हा.

“पाहू का?” नगमाने विचारलं.

“नको,” ते म्हणाले.

कापूस त्यांनी मुठीत आवळला. टर्पेंटाइन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं, बाही भिजली, आणि ते तसेच उभे राहिले, चित्राकडे पाहत, काही न विचारता.